फर्मेंटरमध्ये ग्लुकोज दुप्पट केलं तर वाढ आणखी कमी झाली, प्रोटीन तर दिसतच नाही. काय चुकतंय?

साखळीकर_मायक्रो

नमस्कार सगळ्यांना. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये पार अडकलेय आणि सबमिशनला अडीच महिने उरलेत म्हणून विचारतेय. लांबण लागेल पण सगळं एकदाच सांगते.

खाजणातल्या चिखलातून मिळालेल्या एका बॅक्टेरियाचं एस्टरेज आहे, साधारण ३४ किलोडाल्टनचं, ते पेट-२८ए या प्लाझ्मिडमध्ये (डीएनएचं छोटं कडं) क्लोन करून ई. कोलाय बीएल२१ डीई३ मध्ये घातलंय, कॅनामायसिन या अँटिबायोटिकवर. फ्लास्कमध्ये टीबी या पौष्टिक मिडियात ओडी (गढूळपणावरून पेशी किती झाल्या त्याचा आकडा) ८ पर्यंत जातं आणि जेलवर प्रोटीनचा बँड चांगला जाड दिसतो. मग गाइड म्हणाले आता ३ लिटरच्या फर्मेंटरवर कर, तेवढाच एक चॅप्टर होईल.

पहिला रन, दीड लिटर मिनिमल मिडिया (नुसते क्षार आणि साखर), ग्लुकोज लिटरला २० ग्रॅम सुरुवातीलाच घातलं, ३७ डिग्री, पीएच ७ ला सोडियम हायड्रॉक्साइडने धरलेला. सात तासांत ओडी ११ झाला आणि तिथेच थांबला, पुढे रात्रभर ठेवलं तरी ११ चा १२ झाला नाही. चौथ्या तासापासून डीओ (विरघळलेला ऑक्सिजन, टक्क्यांत) शून्यावर होता. बेसची बाटली जवळजवळ संपली. ओडी ६ ला १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) घातलं होतं, बँड आहे की नाही हे लाइट बॉक्सवर डोळे बारीक करून बघावं लागतं इतका फिका.

मला वाटलं अन्न कमी पडलं असणार, म्हणून दुसऱ्या रनला ग्लुकोज ४० ग्रॅम केलं. ओडी ९! म्हणजे अन्न दुप्पट आणि वाढ कमी, हे कसं? गाइड म्हणतात इनोक्युलम, म्हणजे सुरुवातीला घालायच्या पेशी, वाढव. माझा त्यावर विश्वास बसत नाहीये पण दुसरं काही सुचतही नाही. आंबट वासही आला नाही, त्यामुळे ॲसिड झालं असेल असं वाटत नाही.

---

वेर्णा_नाईट_शिफ्ट

ताई, पहिली गोष्ट, वासावर जाऊ नको. पीएच ७ ला ॲसिटिक ॲसिड जवळजवळ सगळं ॲसिटेटच्या रूपात असतं आणि ॲसिटेटला वास नाही, ॲसिडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं ॲसिड ॲसिटेट होतं तो, ४.७६ आहे. फ्लास्कमध्ये पीएच खाली घसरतो म्हणून तिथे नाकाला कळतं, फर्मेंटरमध्ये तू बेस घालून घालून तो वास झाकून टाकलास. तुझी बेसची बाटली रिकामी झाली तीच खरी साक्ष आहे.

आता हिशोब बघ. ई. कोलायला हवा नीट मिळाली तर १ ग्रॅम ग्लुकोजमधून साधारण अर्धा ग्रॅम सुकं सेल मास होतं. २० ग्रॅमचे १० ग्रॅम व्हायला हवे होते, म्हणजे ओडी २५ ते ३०. तुला ११ मिळाला म्हणजे ४ ग्रॅमच्या आसपास. उरलेली साखर गेली कुठे? एक तर ती अजून तशीच पडून आहे, नाहीतर ॲसिटेट झालीय, बहुतेक दोन्ही. ब्रॉथचं सॅम्पल फ्रीजरमध्ये ठेवलं असशील तर त्यातलं ग्लुकोज आधी मोज मग पुढे बोलू. किट नसेल तर घरात कुणाला शुगर असेल त्यांचं ग्लुकोमीटर घे, ब्रॉथ स्पिन करून वरचं पाणी दहापट पातळ कर आणि स्ट्रिपला लाव. स्ट्रिप रक्तासाठी बनवलेली असते म्हणून तुझ्याच मिडियात लिटरला १ ग्रॅम आणि अर्धा ग्रॅम ग्लुकोज घालून दोन स्टँडर्ड कर आणि त्यांच्याशी ताडून बघ, तेवढ्यावर काम भागतं.

---

साखळीकर_मायक्रो

आईचं ग्लुकोमीटर आणलं. पहिल्या रनचं दहा तासांचं सॅम्पल मायनस २० ला होतं, दहापट पातळ करून ६२ आलं, म्हणजे ६२० मिलिग्रॅम डेसिलिटरला, म्हणजे लिटरला ६.२ ग्रॅम. स्टँडर्ड दोन्ही बरोबर आले. म्हणजे साखर समोर पडलेली असताना पेशी वाढत नव्हत्या?? मला हे खरंच माहीत नव्हतं, मी उपाशी मरतायत समजून आणखी साखर ओतत होते.

---

वेर्णा_नाईट_शिफ्ट

हो, तेच सांगायचं होतं. आता नीट लिहितो, आज रात्री वेळ आहे.

ई. कोलायसमोर साखर भरपूर असली की ती फार वेगाने आत ओढली जाते, आणि आत आलेला सगळा कार्बन क्रेब्स सायकलला झेपत नाही, मग जास्तीचं ॲसिटेट म्हणून बाहेर फेकलं जातं. हवा भरपूर असतानाही हे होतं हे लक्षात ठेव, याला ओव्हरफ्लो म्हणतात. वाढीचा वेग एका हद्दीच्या वर गेला की हे सुरू होतं, ती हद्द स्ट्रेनप्रमाणे बदलते, तासाला ०.२ ते ०.३५ च्या आसपास धरून चाल. बी स्ट्रेन म्हणजे तुझा बीएल२१ त्यातल्या त्यात सभ्य, के-१२ घराण्यातले जास्त ॲसिटेट करतात. त्यात तुझा डीओ चौथ्या तासाला शून्य, म्हणजे वरून दुसरं दुखणं, हवा नाही म्हणून फर्मेंटेशन, फॉर्मेट लॅक्टेट सगळंच. लिटरला चार-पाच ग्रॅम ॲसिटेट झालं की वाढ अडखळते आणि प्रोटीन त्याच्याही आधी मार खातं. ४० ग्रॅमच्या रनला हेच जास्त झालं, शिवाय पीएच धरायला जेवढं सोडियम गेलं तेवढं मीठ वाढलं.

मग करायचं काय, तर साखर देणारा हात आपल्याकडे ठेवायचा. सुरुवातीला लिटरला १० ग्रॅमच घाल. ते संपलं की पंपाने थेंब थेंब घट्ट फीड, इतकं हळू की टाकीत ग्लुकोज कधी साठणारच नाही, आलं की खाल्लं. म्हणजे वाढीचा वेग पेशी नाही ठरवत, तुझा पंप ठरवतो. आणि जी गोष्ट मला स्वतःला समजायला दोन वर्षं लागली ती ही की साखरेचा नळ हाच ऑक्सिजनचा नळ आहे. पेशी जेवढी साखर जाळणार तेवढाच ऑक्सिजन मागणार, तेवढीच उष्णता सोडणार. तुझ्या छोट्या टाकीत स्टरर एका मर्यादेपलीकडे फिरत नाही, एअर वाढवून फेस होतो, पण फीड कमी केलं की मागणीच कमी होते आणि डीओ आपोआप वर येतो. आमच्याकडे नवीन पोरं डीओ पडला की आधी आरपीएमकडे धावतात, फीड पंपाकडे कुणी बघत नाही.

तुझे आकडे काढून देतो. दीड लिटर गुणिले १० म्हणजे १५ ग्रॅम ग्लुकोज, त्यातून ७.५ ग्रॅम सुकं मास, ओडी १२ ते १५. वेग तासाला ०.१५ धर, म्हणजे साडेचार तासांत दुप्पट. तासाला लागणारं ग्लुकोज म्हणजे ०.१५ भागिले ०.५ गुणिले ७.५, म्हणजे २.२५ ग्रॅम. फीडमध्ये लिटरला ५०० ग्रॅम ग्लुकोज असेल तर तासाला ४.५ मिली. पुढे पेशी वाढतील तसं फीडही वाढायला हवं, तासाला १६ टक्के चढवत जा: ४.५, ५.२, ६.१, ७.१, ८.२, ९.५, ११.१. सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं, घड्याळ लावून हाताने कर, मी सुरुवातीला तसंच केलंय.

फीड कधी सुरू करायचं हे मात्र घड्याळ बघून ठरवू नको. ग्लुकोज संपलं की पेशी मागचं ॲसिटेट परत खातात, तेव्हा डीओ थोडा वर येऊन डळमळतो आणि पीएच हळूच वर सरकतो. तेही संपलं की डीओ एकदम उडतो, तीसचा ऐंशी-नव्वद होतो. तो उडाला की पंप चालू कर. त्याआधी केलंस तर जुनं ॲसिटेट आत असतानाच वर नवी साखर पडेल.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. फीडची बाटली तराजूवर ठेव, किचनचा एक ग्रॅमवाला चालेल. पंपाच्या डिस्प्लेवर विश्वास नको, सिलिकॉनची नळी रोलरखाली चेपून चेपून थकते आणि फ्लो कमी होतो. ५०० ग्रॅमचं सिरप जड असतं, घनता १.१९ च्या आसपास, म्हणजे ४.५ मिली म्हणजे साधारण ५.४ ग्रॅम. आणि पंप यूपीएसवर घे. मी आधी जिथे होतो तिथे एकदा पावसात लाइट गेली नि आली, पंप सेटिंग विसरून फुल स्पीडवर सुरू झाला, कुणाच्या लक्षात येईपर्यंत अख्खी बाटली टाकीत. तीन दिवसांचं काम सिंकमध्ये ओतावं लागलं.

---

प्लाझ्मिडवाली

वरचं सगळं बरोबर आहे पण मला विचारायचंय, तुला एन्झाइम किती पाहिजे? ॲक्टिव्हिटी आणि कायनेटिक्सपुरतं असेल तर काही मिलिग्रॅम पुरतात, त्यासाठी फर्मेंटरशी झुंजायची गरज नाही. फ्लास्कमध्येच अन्नावर ताबा ठेवता येतो. स्टुडिअर या शास्त्रज्ञाने २००५ साली दिलेला ऑटोइंडक्शन मिडिया करून बघ, ग्लुकोज ०.०५ टक्के, लॅक्टोज ०.२ टक्के, ग्लिसरॉल ०.५ टक्के. पेशी आधी ग्लुकोज खातात, ते असेपर्यंत लॅक्टोज आत शिरत नाही त्यामुळे प्रोटीनही सुरू होत नाही, ग्लुकोज संपलं की लॅक्टोज आत येतं आणि तेच इंडक्शन करतं म्हणजे प्रोटीन सुरू करतं, ग्लिसरॉल मागे शिदोरीसारखं असतं. रात्री लावायचं, सकाळी काढायचं, ओडी बघत बसायला नको की आयपीटीजी घालायला नको. फक्त ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५०-७५ मिलीच्या वर भरू नको, हवा लागते. ट्युनर स्ट्रेन असता तर चाललं नसतं कारण त्यात लॅक्टोज आत घेणारा परमिएजच नाही, बीएल२१ ला अडचण नाही.

अजून एक प्रकार म्हणजे मिडियात स्टार्च ठेवायचा आणि वरून थोडं ग्लुकोअमायलेज घालायचं. एन्झाइम स्टार्च कापत राहतं आणि ग्लुकोज हळूहळू सुटतं, पंप नसलेलं फेड-बॅचच (थोडं थोडं अन्न सोडणं) म्हण ना. एन्झाइमचं प्रमाण हाच तिथला नळ. माझ्या दोन हट्टी प्रोटीननी, जी टीबीमध्ये सगळी इन्क्लुजन बॉडीत (पेशीतल्या न विरघळणाऱ्या गोळ्यांत) जायची, याच्यात पहिल्यांदा सोल्युबल म्हणजे विरघळलेला बँड दिला.

---

साखळीकर_मायक्रो

ताई, ऑटोइंडक्शन नक्की लावते, पण फर्मेंटरचा चॅप्टर सोडता येणार नाही. खरं सांगायचं तर आता मला तो समजूनही घ्यायचाय, दोन रन वाया गेले ते मनाला लागलंय.

---

जुना_फर्मेंटरवाला

बाय, तुझा मिडिया तू कसा ऑटोक्लेव करतेस ते लिहिलं नाहीस. सगळं एकाच बाटलीत का? बाहेर काढल्यावर तळाला पांढरं गढूळ बसतं का, आणि रंग पिवळट-तपकिरी होतो का?

---

साखळीकर_मायक्रो

हो काका, दोन्ही होतं! पांढरा साका बसतो, मी हलवून तसाच घालते. रंगही चहासारखा होतो. ते नॉर्मल असतं असं सिनियरने सांगितलेलं.

---

जुना_फर्मेंटरवाला

नॉर्मल नाही गो. पांढरं जे बसतं ते मॅग्नेशियम आणि फॉस्फेट, उष्णतेत एकमेकांना धरून खाली बसतात. एकदा बसलं की पेशीच्या दृष्टीने ते मॅग्नेशियम जवळजवळ नसल्यासारखंच. आणि मॅग्नेशियमशिवाय रायबोसोम उभे राहत नाहीत, मग प्रोटीन कुठून होणार. तपकिरी रंग म्हणजे साखर आणि अमोनियाचं एकमेकांत जळणं. फॉस्फेट वेगळं, ग्लुकोज वेगळं, मॅग्नेशियम सल्फेट वेगळं, थंड झाल्यावर टाकीत एकत्र कर, मॅग्नेशियम सगळ्यात शेवटी. लोह, मँगनीज, झिंक, कॉपर, कोबाल्ट, मॉलिब्डेनम हे ट्रेस मेटल सायट्रिक ॲसिडच्या सोबत दे म्हणजे ते विरघळलेले राहतात. रिझेनबर्ग या संशोधकाच्या १९९१ च्या मिडियात लिटरला १.७ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आहे, ते त्याचसाठी. आणि फीडमध्येही मॅग्नेशियम सल्फेट घालायला विसरू नको, ५०० ग्रॅम ग्लुकोजला १२ ते १५ ग्रॅम. पेशी चौपट करायच्या आणि मॅग्नेशियम पहिल्या दिवसाचंच, असं चालत नाही.

पीएचला सोडियम हायड्रॉक्साइड सोड, अमोनियाचं पाणी लाव. सुक्या पेशीत १२-१४ टक्के नायट्रोजन असतो, तो एवढा मिडियात आधीच घातला तर तोही जाचक होतो. अमोनियाने पीएचही राहतो आणि नायट्रोजन लागेल तसा जातो. बाटली भरताना गॉगल लाव आणि फ्यूम हूडमध्येच भर, डोळ्यात जायला वेळ लागत नाही.

मी घाटावर पेनिसिलिनच्या प्लांटवर पंचवीस वर्षं काढली, म्हणून हे वाचून राहवलं नाही. आमच्याआधीच्या काळात पेनिसिलियम बुरशीला लॅक्टोज देत, कारण ती ते सावकाश खाते, ग्लुकोज भराभर संपवते आणि मग पेनिसिलिन करत नाही. पुढे कळलं की स्वस्त ग्लुकोजच थोडं थोडं सोडलं तर तेच काम होतं. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला, बेकर्स यीस्टवाल्यांनी मळी एकदम न घालता हळूहळू सोडायला सुरुवात केली, नाहीतर यीस्ट वाढायच्या ऐवजी दारू करत बसायचं. आपल्याकडे काजूच्या भट्टीवर नीरो (काजूच्या बोंडांचा रस) एकदम पिंपात भरतात कारण तिथे दारूच पाहिजे असते. तुला पेशी आणि प्रोटीन पाहिजे, तर सकाळच्या पेजेसारखं, वाटी-वाटीने.

---

वेर्णा_नाईट_शिफ्ट

काकांनी मॅग्नेशियमचं बरोबर पकडलं, माझ्या ध्यानातच आलं नाही.

इंडक्शनचं राहिलं. ओडी ३० च्या पुढे गेल्यावर तापमान २५ कर, मग ०.१ ते ०.३ मिलिमोलर आयपीटीजी पुरे, १ ची गरज नाही. इंडक्शननंतर फीड चढवत जाऊ नको. पेशी प्रोटीन करायला लागल्या की त्यांची खायची ताकद कमी होते, तू जुन्याच वेगाने चढवत राहिलीस तर साखर साठेल आणि परत तेच ॲसिटेट. ग्लुकोमीटर जवळ ठेव. आणि स्टरर पूर्ण वेगाला पोचून डीओ वीसच्या आसपास आला तर फीड आहे तिथेच थांबव, ओडीच्या आकड्यासाठी हट्ट करू नको.

---

साखळीकर_मायक्रो

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, मधे चवथ होती.

मिडिया काकांनी सांगितला तसा वेगवेगळा केला, पहिल्यांदाच टाकीतून आरपार पलीकडचा बल्ब दिसला इतका स्वच्छ. इनोक्युलम नेहमीएवढंच ठेवलं. रात्री पावणेदोनला डीओ ३१ होता, मग थोडा वर येऊन चाळीस-पंचेचाळीसला घुटमळला, पीएच ७.०० चा ७.०६ झाला, मी पंपावर हात ठेवून उभी होते पण तुमचं वाक्य आठवलं म्हणून थांबले. वीसेक मिनिटांनी एका मिनिटाच्या आत ८८! ओडी १३ आला, तुम्ही सांगितलेल्या आकड्यातच. अंगावर काटा आला खरंच, कारण पहिल्यांदा वाटलं की आत काय चाललंय ते मला कळतंय. पंप चालू केल्यावर डीओ लगेच खाली येऊन ५० ला बसला. मधे एकदा मी मुद्दाम फीड अर्धा मिनिट बंद करून बघितलं, डीओ पटकन वर गेला, चालू केलं की खाली. साखरेचा नळ हाच ऑक्सिजनचा नळ, डोळ्यांनी बघितलं.

तराजूमुळे वाचले. चौथ्या तासाला डिस्प्ले ८.२ दाखवत होता आणि बाटलीचं वजन सांगत होतं ७ च्या आसपास, नळी थोडी सरकवून नवा भाग रोलरखाली घेतला तेव्हा जुळलं.

सहाव्या तासाला स्टरर ९०० वर आणि डीओ २२, म्हणून फीड ११ वर थांबवलं. ओडी ३३. तापमान २५, फीड ८, आयपीटीजी ०.२. पहिले तीन तास ग्लुकोमीटर 'लो' दाखवत होता, चौथ्या तासाला १.४ ग्रॅम आलं, लगेच फीड ५ केलं, तासाभरात परत 'लो'. सहा तासांनी काढलं. ओडी ४६, लिटरमागे साठेक ग्रॅम ओला पेलेट. अमोनिया आधीच्या सोडियम हायड्रॉक्साइडसारखं संपलंच नाही, बाटली अर्धीसुद्धा गेली नाही.

जेलवर ३४ ला बँड आहे आणि सोल्युबल भागात निम्म्याहून जास्त दिसतोय. फ्लास्कमध्ये निम्मं सुद्धा नव्हतं, तिथे बरंचसं पेलेटमध्येच जायचं. गाइडना दाखवलं, ते दोन मिनिटं प्रिंटआउट बघत राहिले आणि म्हणाले हा डीओचा ग्राफ चॅप्टरच्या पहिल्या पानावर टाक. प्लाझ्मिडवाली ताई, ऑटोइंडक्शनपण केलं, ओडी १४ आणि बँड छान, दोन्ही शेजारी शेजारी लिहिणार आहे.

देव बरें करूं सगळ्यांना. एकच विचारायचंय, पुढच्या रनला वेग ०.१५ ऐवजी ०.१ केला तर सोल्युबल आणखी वाढेल का?

---

जुना_फर्मेंटरवाला

वाढू शकतं, पण रन काही तासांनी लांबेल आणि लांब रनमध्ये पेशींतून प्लाझ्मिड गळण्याची भीती असते. शेवटी कॅनामायसिन असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर कॉलनी मोजून घे. मी असतो तर वेग तसाच ठेवून आधी इंडक्शननंतरचं तापमान २२ करून बघितलं असतं, एका वेळी एकच गोष्ट बदल.

---

साखळीकर_मायक्रो

२२ करते. सोमवारी लावते, मंगळवारी रात्री लिहिते.